आठ पॉइंटांनी पुढे आहोत तोवरच रेफरींबद्दल बोलून घेऊ (हार्ट्स, टायनकॅसल आणि बाकी सगळं)

गॉर्गीचा कोल्हापुरी (धागाकर्ता), २८ ऑक्टोबर २०२५

मंडळी, रविवारी आमच्या हार्ट्सने घरच्या मैदानावर, टायनकॅसलला, सेल्टिकला ३-१ हरवलं. स्कॉटिश फुटबॉल लीगच्या नऊ मॅचमध्ये २५ पॉइंट, आठ जिंकल्या, एक मदरवेलला ३-३ ड्रॉ. सेल्टिक १७ वर. काल संध्याकाळी त्यांचा मॅनेजर ब्रेंडन रॉजर्सने राजीनामा पण दिला. घसा अजून बसलेलाच आहे, ऑफिसात आज खुणांनीच बोलतोय.

पण धागा काढतोय तो या जिंकण्याबद्दल नाही. रेफरींबद्दल बरेच दिवस मनात आहे आणि ते आत्ताच बोलायला पाहिजे असं वाटतं, कारण हरल्यावर रेफरीबद्दल काहीही बोललं की लोक म्हणतात रडतोय. आत्ता आम्ही वर आहोत, आत्ता मला कुणी तसं म्हणू शकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्ट ऑफ मिडलोथियन, १८७४ चा क्लब, एडिनबर्गच्या गॉर्गी भागातला, मरून रंग. शेवटची लीग जिंकली ती १९६० साली. स्कॉटलंडमध्ये १९८५ ला अ‍ॅबर्डीनने जिंकली, त्यानंतर आजपर्यंत सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन क्लब सोडून कुणीच नाही. चाळीस वर्षं. मी २०१७ ला नोकरीसाठी इथं आलो तेव्हा ऑफिसातले एक वयस्कर सहकारी मला मॅचला घेऊन गेले, ती पण टायनकॅसलला नव्हे, मरेफील्डला, कारण आपला मेन स्टँड तेव्हा बांधून व्हायचा होता. पुढं डिसेंबरात टायनकॅसलला गेलो आणि समोर सेल्टिक, स्कॉटलंडमध्ये सलग ६९ मॅच न हरलेली टीम, तिला ४-० हरवलं, पहिला गोल सोळा वर्षांच्या हॅरी कॉक्रनने मारला. शेजारच्या डिस्टिलरीचा तो आंबूस वास, रस्त्याला लागून उभा स्टँड, चाळीतल्या गॅलरीसारख्या खिडक्यांतून बघणारी माणसं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलोय, तालमीच्या टीमसाठी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ओरडलोय, मला हे सगळं लगेच कळलं. क्लब म्हणजे पेठ. त्या दिवसापासून मी हार्ट्सचा.

आता मुद्द्यावर येतो.

इथं प्रत्येक क्लबच्या माणसाला ठामपणे वाटतं की रेफरी आपल्या विरुद्ध आहेत. आमचे लोक म्हणतात ग्लासगोच्या दोन क्लबांना सगळं मिळतं, सेल्टिकवाले म्हणतात असोसिएशन आमच्या मुळावर उठलीय, रेंजर्सवाले म्हणतात आमच्या. तिघंही एकाच वेळी बरोबर असणं शक्य नाही. मी स्वतः दोन-तीन वर्षं हेच बोलायचो, आणि मग एकदा हिवाळ्यात बसून आमच्याच जुन्या मोठ्या मॅच परत बघितल्या.

१९ मे २०१२, स्कॉटिश कप फायनल, एडिनबर्गच्याच हिब्जला (हिबर्नियन) ५-१. आमच्या लोकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या स्कोअर २-१ असताना आमच्या सुसोला त्यांच्या कुजाबीने पाडलं, पेनल्टी मिळाली, कुजाबीला दुसरं यलो मिळून बाहेर, ग्रेंजरने गोल मारला आणि मॅच तिथंच संपली. तो फाउल बॉक्सच्या बाहेर होता. रीप्लेत स्वच्छ दिसतं. त्याच कपच्या सेमीफायनलला सेल्टिकविरुद्ध अगदी शेवटी त्यांच्या लेडलीच्या हाताला बॉल लागला म्हणून पेनल्टी, क्रेग बीटीने मारली, २-१. हात लागला हे खरं, पण बॉल इतक्या जवळून आला की माणूस हात नेणार कुठं? १९९८ ची फायनल, रेंजर्सविरुद्ध, पहिल्याच मिनिटाला आमच्या फुल्टनला पाडल्याबद्दलची पेनल्टी, ती पण लाइनीच्या बाहेरच वाटते.

म्हणजे माझ्या क्लबच्या दोन सगळ्यात लाडक्या कपांमध्ये रेफरीची चूक आमच्या बाजूने पडलीय. आमच्या एकाही गाण्यात ते नाही. आमच्या गप्पांत काय आहे तर ३ मे १९८६. डंडीच्या डेन्स पार्कवर लीग जिंकायला फक्त ड्रॉ पाहिजे होता, लीगमध्ये २७ मॅच न हरता आलेलो, आणि शेवटच्या सात मिनिटांत बदली आलेल्या त्यांच्या अल्बर्ट किडने दोन गोल मारले. तिकडं पेझलीत सेल्टिकने सेंट मिरनला ५-० हाणलं आणि गोलफरकावर लीग घेऊन गेले. माझ्या त्या सहकाऱ्यांचे वडील डेन्सवर होते. ते आजही गोलांचं सांगत नाहीत, पहिल्या हाफमध्ये सँडी क्लार्कला बॉक्समध्ये पाडलं आणि पेनल्टी दिली नाही हे सांगतात. चाळीस वर्षं एक माणूस ती न मिळालेली पेनल्टी उराशी धरून बसलाय. मी त्यांना हसत नाही, मला त्यांचं दुःख पूर्ण कळतं, पण यातून रेफरींबद्दल काही शिकता येत नाही एवढंच म्हणतो.

तर माझं मत असं आहे की हा कट वगैरे नाहीये, ही गरिबी आहे, आणि गरिबीपेक्षा जास्त कंजूसपणा आहे. स्कॉटलंडचे बहुतेक रेफरी दुसरी नोकरी करून रेफरीगिरी करतात. आताचे रेफरींचे प्रमुख विली कॉलम स्वतः शाळेत शिकवत शिकवत आंतरराष्ट्रीय मॅच करायचे. साठ हजार लोकांसमोर ज्याने पाव सेकंदात निर्णय द्यायचा तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जातो, आणि समोरचे खेळाडू आठवडाभर दुसरं काहीही करत नाहीत. त्यात व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची पद्धत) आलं ऑक्टोबर २०२२ ला. खर्च वर्षाला दहा-बारा लाख पौंडांच्या घरात, तो प्रीमियरशिपच्या (सगळ्यात वरची लीग) बारा क्लबांनीच आपसात वाटून घ्यायचा, जो वर असेल त्याने जास्त. मग काय, जेवढं स्वस्तात होईल तेवढं. गोल-लाइन तंत्रज्ञान नाही. जी मॅच टीव्हीवर लाईव्ह नाही तिथं कमीत कमी सहा कॅमेऱ्यांवर भागवायचं. सहा कॅमेऱ्यांत ऑफसाइडची लाइन आखायची आणि वरून ती सेंटीमीटरमध्ये बरोबर आहे म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचे हाल तर विचारू नका. गेल्या हिवाळ्यात एका मॅचला चार मिनिटं आम्ही नुसते उभे, बोटं गारठलेली, समोर रेफरी कानाला हात लावून उभा, तो पेनल्टी बघतोय का ऑफसाइड का रेड कार्ड काही कळत नाही, आणि कोल्हापुरात मोबाईलवर बघणारा माझा भाऊ मेसेज करून मला सांगतो की दादा, हँडबॉल तपासतायत. तिकीट मी काढलंय, आणि कळतंय कुणाला?

माझं म्हणणं आहे की हार्ट्ससारख्या क्लबने, जो आम्हा फॅनांच्या मालकीचा आहे, पूर्णवेळ रेफरींसाठी पैसे द्यायला सगळ्यात आधी पुढं यावं. आणि ते आत्ता, पहिल्या नंबरवर असताना म्हणावं. बोला.

लीथचा हिरवा

मी हिब्जचा, तरी तुझ्या धाग्यावर लिहितोय. कुजाबीचा फाउल बाहेर होता हे एका हार्ट्सवाल्याने न विचारता लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. धन्यवाद. पण खरं सांगू, आम्ही त्या दिवशी असंही हरलो असतो, पेनल्टीनंतर दोनच मिनिटांत चौथा गोल झाला, आमची टीम उभीच नव्हती. मला रेफरीचा राग आला नाही, आमच्या बोर्डाचा आला. कप जिंकायला आम्हाला १९०२ पासून २०१६ पर्यंत थांबावं लागलं, त्या ११४ वर्षांत रेफरी किती बदलले असतील.

ग्लासगोकर ६७

धागाकर्ते, तुम्ही वर आहात म्हणून मोठं मन दाखवताय, चांगलं आहे, पण कट नाही असं सरसकट म्हणू नका. २०१० चं प्रकरण विसरलात का? डंडी युनायटेड विरुद्ध सेल्टिक, रेफरी डगी मॅक्डोनाल्डने आम्हा सेल्टिकवाल्यांना पेनल्टी दिली आणि मग मागे घेतली. निर्णय बरोबर होता, ते मान्य. पण तो कसा बदलला याबद्दल आमच्या मॅनेजरला खोटं सांगितलं गेलं, आणि लाइनमनने राजीनामा देऊन ते बाहेर काढलं. पेनल्टी जाते आणि येते, पण खोटं बोलल्यावर माणूस विश्वास कुठून आणणार? आम्ही प्रश्न विचारले तर म्हणे रेफरींचा छळ होतोय, आणि त्यांनी संप केला. नोव्हेंबरात इस्रायल, लक्झेंबर्ग, माल्टाहून रेफरी आणून मॅच घ्यायला लागल्या.

रविवारबद्दल काही तक्रार नाही. तुम्ही चांगले खेळलात. आमचा प्रॉब्लेम आमच्या घरात आहे, बँकेत सात कोटी पौंडांच्या वर पडून आणि ऑगस्टमध्ये कझाकस्तानच्या कायरातकडून पेनल्ट्यांवर हरून चॅम्पियन्स लीगच्या बाहेर. पैसे असून वापरायचे नाहीत याचा त्रास वेगळाच असतो.

गॉर्गीचा कोल्हापुरी

@ग्लासगोकर, २०१० चं तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला पाहिजे होतं. ते खोटं बोलणंच होतं आणि त्याचं नुकसान अजून चालू आहे. पण बघा, तिथं सुद्धा निर्णय बरोबर होता आणि तो लपवल्यामुळे घाण झाली. तेव्हा कुणीतरी बाहेर येऊन सरळ सांगितलं असतं की मी चुकलो, लाइनमनशी बोललो आणि बदललं, तर दुसऱ्या दिवशी विषय संपला असता. म्हणून आता जे थोडंफार सुरू झालंय ते मला महत्त्वाचं वाटतं. कॉलम आल्यापासून व्हीएआरच्या खोलीतलं बोलणं ऐकवतात, वादग्रस्त निर्णयांवर वेगळं पॅनल बसतं. गेल्या डिसेंबरच्या लीग कप फायनलला सेल्टिकच्या स्केल्सने रेंजर्सच्या चेर्नीचा शर्ट ओढला, ओढत ओढत बॉक्समध्ये गेला, आणि दिली फ्री किक बाहेरची. त्या दिवशी फायदा तुमचा झाला, पण कॉलमनी उघड सांगितलं की ती पेनल्टी होती, व्हीएआरने थांबवायला पाहिजे होतं. रेंजर्सला कप परत मिळत नाही, मान्य. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी एवढं पण कुणी बोललं नसतं.

पेठेतला लेफ्ट बॅक

भावा, शाहू स्टेडियमचं नाव काढलंस म्हणून लिहितो. मी कोल्हापुरात दहा वर्षं खेळलो आणि नंतर दोन सीझन स्थानिक मॅचना लाइनमन म्हणून उभा राहिलो. पायऱ्यांवरून बाटली येते तेव्हा ऑफसाइड डोळ्याला दिसतच नाही, कान पाठीमागे असतात. घरी आई म्हणायची, कशाला जातोस? सोडून दिलं. माझ्याबरोबरच्या पाच पोरांतले चार आज शिट्टीला हात लावत नाहीत. तिकडं काय परिस्थिती आहे? नवीन पोरं येतात का रेफरी व्हायला?

गॉर्गीचा कोल्हापुरी

@लेफ्ट बॅक, तेच तर. २०२३ च्या एप्रिलमध्ये सेल्टिक-रेंजर्स मॅचनंतर केविन क्लॅन्सी या रेफरीचा नंबर वगैरे खासगी माहिती लोकांनी नेटवर टाकली, धमक्या आल्या, पोलिसांकडे जावं लागलं. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याने घरच्यांना काय सांगायचं? रविवारी माझ्या पुढच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा पोरगा रेफरीला जी शिवी देत होता ती मी इथं लिहिणार नाही. बाप शेजारीच होता. मी बापाशी बोललो, त्याने ऐकून घेतलं, पण सगळ्या स्टँडशी मी एकटा कसा बोलू?

स्टीलमन लॅनर्कशायर

मदरवेलकडून +१. तुमचा तो एकमेव ड्रॉ आमच्याकडेच झाला, ३-३, अजून आठवतोय.

फक्त एक मुद्दा मांडतो. पूर्णवेळ रेफरींचा खर्च बारा क्लबांनी उचलायचा म्हटलं तर आमच्यासारख्याला तो झेपत नाही. आमच्याकडे एका रेफरीचा पगार म्हणजे अ‍ॅकॅडमीतला एक कोच कमी. आमचा क्लब पण मेंबरांच्या मालकीचा आहे, वेल सोसायटी, २०१६ पासून. गेल्या वर्षी एका अमेरिकन गुंतवणूकदाराने पैसे देऊ केले, बदल्यात सोसायटीचं बहुमत जात होतं, मेंबरांनी मतदान करून नाही म्हटलं. माझं मत पण नाहीच होतं. रात्री झोप लागली नव्हती, कारण पैसे खरंच पाहिजे होते. तुम्ही मात्र टोनी ब्लूमला हो म्हणालात. तेव्हा मालकीबद्दल बोलताना जरा जपून.

पुणेरी नवखा

मी फक्त प्रीमियर लीग बघतो, हा धागा सगळा वाचला. ब्लूम म्हणजे ब्रायटनचे मालक ना? मग हार्ट्स नक्की कुणाचा? आणि फॅन मालक म्हणजे शेअर बाजारात शेअर घेतात तसं का?

गॉर्गीचा कोल्हापुरी

@नवखा, चांगला प्रश्न, आणि @स्टीलमन यांना पण यातच उत्तर देतो, जरा लांबेल.

२०१३ च्या जूनमध्ये हार्ट्स प्रशासकाच्या ताब्यात गेला. लिथुआनियाचे व्लादिमीर रोमानोव मालक होते, त्यांच्या कंपन्या आणि बँक बुडाली, क्लबवर अडीच कोटी पौंडांहून जास्त देणं. लीगने १५ पॉइंट कापले, नवीन खेळाडू घ्यायला बंदी, सगळी पोरं पोरं खेळली आणि टीम खाली गेली. क्लब बंद पडायची वेळ आली होती. तेव्हा साध्या लोकांनी, रिटायर झालेले, ड्रायव्हर, नर्स, विद्यार्थी, दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. फाउंडेशन ऑफ हार्ट्स. अ‍ॅन बज नावाच्या एडिनबर्गच्या उद्योजिका, स्वतः सीझन तिकीटवाल्या, त्यांनी २०१४ ला आपले पैसे घालून क्लब विकत घेतला आणि फाउंडेशनने हळूहळू त्यांचे पैसे फेडले. ३० ऑगस्ट २०२१ ला ७५.१ टक्के शेअर फाउंडेशनच्या नावावर झाले. यात नफा, लाभांश असलं काही नाही. मी महिना दहा पौंड देतो, बदल्यात मला एक मत आहे. दहा हजार देणाऱ्याला पण एकच मत. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखं समज, फक्त व्याज मिळत नाही, शनिवार मिळतो.

ब्लूमनी या वर्षी ९८.६ लाख पौंड घातले आणि २९ टक्के शेअर घेतले, पण त्या शेअरना मताचा अधिकार नाही. @स्टीलमन, तुमच्या आणि आमच्या सौद्यातला फरक हाच आहे. तुमच्याकडे बहुमत मागितलं होतं, तुम्ही नाही म्हणालात ते अगदी योग्य केलंत, मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं. आमच्याकडे मत फाउंडेशनकडेच राहिलं म्हणून मी हो म्हटलं. पैशांपेक्षा मोठी गोष्ट ब्लूमबरोबर आली ती त्यांच्या कंपनीची खेळाडू शोधायची माहिती. आमचा क्लाउडिओ ब्रागा नॉर्वेच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, इथं कुणी नाव ऐकलं नव्हतं. गेल्या सीझनला दोन मॅनेजर घालवून आम्ही खालच्या सहांत होतो हे लोक विसरलेत. आता मॅनेजर म्हणून मॅकइन्स आलाय आणि टीम उभी राहिलीय.

खर्चाचं म्हणाल तर मला पण झेपेल तेवढंच मागायचंय. व्हीएआरला जसा वरच्याने जास्त, खालच्याने कमी असा हिशोब आहे तसाच इथं लावा. मग या वर्षी सगळ्यात मोठा वाटा कदाचित आम्हालाच द्यावा लागेल. द्यायला पाहिजे. फाउंडेशनच्या मीटिंगला मी हाच मुद्दा मांडणार आहे आणि पडलो एकटा तरी मांडणार.

ग्लासगोकर ६७

जास्त वाटा स्वतःहून मागणारा पहिला फॅन बघितला. आमच्या बोर्डाला पण लिहितो मग मी. आमच्याकडे मेंबरांचं मत नाही, पण पत्र तर पाठवता येतं.

जुना मरून (अ‍ॅबर्डीनहून)

मी इथं १९९५ पासून आहे. एक सांगतो, रेफरीपेक्षा नियम बनवणाऱ्यांनी हार्ट्सला जास्त रडवलंय. १९६५ ला शेवटच्या दिवशी किल्मारनॉककडून घरच्या मैदानावर २-० हरले आणि पॉइंट सारखे झाले आणि लीग गेली ती गोलांच्या सरासरीवर (मारलेले भागिले खाल्लेले), ०.०४ ने. तेव्हा आजच्यासारखा गोलफरक धरला असता तर हार्ट्स चॅम्पियन. मग नियम बदलून गोलफरक आला, आणि १९८६ ला त्यानेच गेली. ८६ ला जुनी सरासरी असती तर पुन्हा हार्ट्स चॅम्पियन! ५९ गोल मारले ३३ खाल्ले, सेल्टिकचे ६७ आणि ३८, करून बघा भागाकार. आणि २०२० ला करोनात आठ मॅच बाकी असताना लीग थांबवली, चार पॉइंटांनी मागे होते म्हणून हार्ट्सला खाली पाठवलं. तिथं रेफरी नव्हता, क्लबांचंच मतदान होतं. म्हणून म्हणतो, बोर्डरूममध्ये तुमचा माणूस कोण आणि तो काय बोलतो यावर लक्ष ठेवा.

गॉर्गीचा कोल्हापुरी

@जुना मरून, भागाकार आत्ता केला. १.७८८ आणि १.७६३. ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. दोन्ही वेळा नियम उलटा असता तर. अंगावर काटा आला.

उद्या रात्री पेझलीला सेंट मिरन आहे, ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतलीय. त्या सहकाऱ्यांच्या वडिलांना पण नेतोय. ८६ ला सेल्टिकने ५-० केलं ते याच गावात, जुनं मैदान आता नाही, पण तेव्हापासून त्यांनी पेझलीत पाऊल टाकलेलं नाही. आज फोनवर स्वतःहून म्हणाले, येतो.

आणि शनिवारी घरी डंडी. सोमवारी येऊन लिहितो, निकाल काहीही असो, रेफरीबद्दल आज जे लिहिलंय तेच लिहीन.